चिलिका सरोवराचें नवें मुख

जगन्नाथपुरीची यात्रा करून आलेलीं माणसें आमच्या वाचकांच्या घरोघर असतील. महाप्रसादाची हंडी, समुद्रस्नान, कोणार्काचें सूर्यमंदिर आणि पंड्यांविषयींच्या तक्रारी, या चार गोष्टी त्यांच्या तोंडून हटकून ऐकावयास मिळतात. ज्यास इतिहासाची थोडी आवड असेल तो सिंहद्वारासमोरील अरुणस्तंभ मराठ्यांच्या अमलांत कोणार्काहून आणून तेथें उभा केला, हेंही अभिमानानें सांगतो, कारण इ. स. १७५१ पासून १८०३ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. परंतु पुरीपासून अवघ्या पन्नास किलोमीटरांवर, म्हणजे जुन्या हिशेबानें पंधरा-सोळा कोसांवर, जें विस्तीर्ण चिलिका सरोवर आहे तें पाहिल्यावांचून बहुतेक यात्रेकरू परत फिरतात. मुंबईहून भुवनेश्वरास जाणाऱ्या कोणार्क एक्सप्रेसनें आलेल्यांस तें उजव्या हाताच्या खिडकींतून दिसलेलेंही असतें, पण "केवढा हा तलाव!" एवढें म्हणून मंडळी पुन्हां वळकट्या बांधूं लागतात.

या सरोवराचें सृष्टिसौंदर्य वर्णन करण्याचा आमचा मुख्य हेतु नाहीं. तें काम उत्कल भाषेचे थोर कवि राधानाथ राय यांनीं आपल्या 'चिलिका' काव्यांत एकदां करून ठेविलें आहे, आणि त्यांच्यामागून लेखणी उचलण्याचें धाडस आमच्यासारख्या निवृत्त पंतोजीनें कां करावें? आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळेंच. हें सरोवर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं मरणाच्या पंथास लागलें होतें, आणि तें पुन्हां उठून बसलें. त्याची नाडी पाहणारे वैद्य अनेक देशांचे होते. औषधाचा एक महत्त्वाचा भाग तर आपल्या पुण्याजवळ खडकवासल्यास तयार झाला. ही हकीकत मराठी घरांत फारशी ठाऊक नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या पौषांत आम्ही सहकुटुंब पुरीस गेलों होतों. भुवनेश्वरास उतरल्यावर प्रथम धौलीच्या टेकडीवर गेलों. टेकडीच्या पायथ्याशीं खडकांतून अर्धा बाहेर आलेला हत्ती कोरलेला आहे आणि त्याखालीं अशोकाचे शिलालेख आहेत. समोर दया नदी संथपणें वाहते. कलिंगाच्या युद्धांत हिचें पाणी रक्तानें लाल झालें अशी तेथील लोकांची समजूत आहे. येथील दुसऱ्या लेखाचा मतलब मोठा मनोवेधक आहे. आपल्या राज्यांत तर खरेंच, पण चोल, पांड्य इत्यादि शेजाऱ्यांच्या आणि अंतियोक नामक यवन राजाच्याही मुलुखांत माणसांच्या व पशूंच्या औषधोपचाराची व्यवस्था केली. जेथें औषधी वनस्पति नव्हत्या तेथें त्या बाहेरून आणून लावविल्या, असें त्यांत राजा सांगतो. परराज्यांतील आजारी गुराची चिंता वाहणारा राजा आजच्या मुत्सद्यांस विचित्र वाटेल. आम्हांस मात्र तो लेख पाहतांना असें वाटलें कीं, हीच दया नदी पुढें जाऊन चिलिकेस मिळते, आणि त्या लेखांतील कल्पनाही जणूं नदीबरोबर वाहत खालीं गेली असावी.

पुरीहून सातपडा या गांवीं मोटारीनें दीड-दोन तासांत जातां येतें. तेथें धक्क्यावर होड्यांची रांग असते. आमच्याबरोबर वडील वहिनी होत्या. त्यांस कालीजाईच्या बेटावर नारळ वाढवावयाचा होता. नववधू सासरीं जात असतां वादळांत होडी बुडाली आणि ती कन्या देवी होऊन त्या बेटावर राहिली, अशी कथा आहे. परंतु कालीजाई सातपड्याहून फार दूर पडते, बाळूगांवाकडून जवळ, असें समजल्यावर त्यांनीं नारळ होडींतूनच पाण्यास अर्पण केला आणि "भाऊजी, देवी काय, सगळ्या पाण्याचीच आहे," असें म्हणून आमची अडचण दूर केली.

होडी किनारा सोडून निघाली आणि पाण्याचा खरा विस्तार कळूं लागला. उन्हाळ्यांत सुमारें नऊशें चौरस किलोमीटर आणि पावसाळ्यांत अकराशेंहून अधिक, एवढें हें सरोवर पसरतें. भारतांतील मचूळ पाण्याच्या सरोवरांत हें सर्वांत मोठें. आणि एवढें असूनही खोली पाहावी तर पुष्कळ ठिकाणीं पुरुषभरही नाहीं. थोड्या वेळानें नावाड्यानें यंत्र बंद केलें व बोट दाखविलें. पाण्यांतून एक गोल, करडें, बोथट तोंडाचें डोकें वर आलें, फुस्स असा आवाज झाला आणि तें नाहींसें झालें. हाच इरावती डॉल्फिन. हा मासा नव्हे; आपल्यासारखा श्वास घेणारा, पिलांस दूध पाजणारा प्राणी आहे. ब्रह्मदेशच्या इरावती नदीवरून त्यास हें नांव पडलें. सबंध जगांत हे आतां थोडेच उरले असून चिलिकेंत अलीकडील गणनांत दीडशेंच्या आसपास आढळले आहेत.

आतां या सरोवरास झालें काय होतें, हें नीट समजण्यासाठीं त्याची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. उत्तरेकडून महानदीच्या दया, भार्गवी इत्यादि शाखा आणि पश्चिमेकडून डोंगरांतील ओढे, असे लहानमोठे बावन्न प्रवाह यांत गोडें पाणी आणून ओततात. पूर्वेस बंगालचा उपसागर आहे. दोहोंच्या मध्यें वाळूचा एक लांबलचक दांडा आहे आणि त्या दांड्यांत एक मुख आहे. त्या मुखांतून भरतीबरोबर खारें पाणी आंत येतें व ओहोटीबरोबर गाळासह बाहेर जातें. गोडें आणि खारें यांच्या या रोजच्या देवघेवीवर चिलिकेचें सारें जीवित अवलंबून आहे. बोय, कोळंबी, खेकडे यांचीं पिलें समुद्रांतून याच दारानें आंत येऊन वाढतात, आणि मोठीं झालीं कीं त्याच दारानें बाहेर जातात.

परंतु पूर्व किनाऱ्यावर समुद्राची वाळू एका जागीं स्वस्थ बसत नाहीं. लाटांच्या तिरप्या माऱ्यानें ती वर्षानुवर्षें दक्षिणेकडून ईशान्येकडे सरकत असते. तिच्या रेट्यानें सरोवराचें मुखही ईशान्येकडे ढकललें गेलें. मुख जसजसें दूर गेलें तसतशी सरोवरापासून त्या मुखापर्यंतची वाट किनाऱ्याला समांतर अशी लांब लांब होत गेली आणि गाळानें उथळही झाली. घराचें दार दूर नेऊन मध्यें लांब अंधारी बोळ बांधावी, आणि वारा आंत कां येत नाहीं म्हणून विचारावें, तसें झालें! भरतीचा सारा जोर त्या बोळांतच संपूं लागला. इकडे नद्या मात्र गाळ आणीतच होत्या. कारण वरच्या डोंगरांवरील झाडी विरळ झाली होती. पाणी गोडें होत गेलें, गोड्या पाण्यांतील गवतें व जलपर्णी माजल्या, तळ वर आला. १९८५-८६ सालीं येथें साडेआठ हजार टनांवर मासळी निघाली होती. १९९८-९९ मध्यें ती पावणेदोन हजार टनांच्या आसपास आली.

येथें परदेशांचा संबंध कसा आला तें सांगितलें पाहिजे. इराण देशांत कास्पियन समुद्राच्या कांठीं रामसर नांवाचें गांव आहे. १९७१ सालीं तेथें निरनिराळ्या राष्ट्रांचे प्रतिनिधि जमून पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार झाला. हल्लीं पावणेदोनशेंच्या आसपास राष्ट्रें त्यांत सामील आहेत. १९८१ सालीं भारतानें आपल्या ज्या पहिल्या दोन जागा त्या यादींत घातल्या, त्यांत भरतपूरच्या केवलादेवाबरोबर चिलिका होती. पुढें १९९० सालीं स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथें भरलेल्या परिषदेच्या वेळीं आणखी एक नोंदवही निघाली. ही मानाची नव्हे. ज्या जागांची प्रकृति माणसांच्या हातून बिघडली आहे किंवा बिघडूं लागली आहे, त्यांची नांवें त्या त्या राष्ट्रानें आपण होऊन तींत लिहवावयाचीं असतात. १९९३ सालीं चिलिकेचें नांव त्या वहींत गेलें.

आपल्याकडे घरांत कोणास दुखणें जडलें तर तें चार लोकांस कळूं न देण्याची रीत आहे. मुलीच्या लग्नाच्या गोष्टी चालल्या असल्या तर विचारूंच नका! राष्ट्रांचेंही तसेंच असतें. म्हणून आपलें दुखणें जगाच्या वहींत आपल्याच हातानें लिहिलें, हें आम्हांस या सबंध कथेंतील सर्वांत धीराचें कृत्य वाटतें. नोंद झाली कीं चौकशीला माणसें येणार, मापें घेतलीं जाणार, आणि "अजून कांहीं केलें नाहीं काय?" असा प्रश्न दर परिषदेंत पुढें उभा राहणार. ओडिशा सरकारनें त्याच सुमारास चिलिका विकास प्राधिकरण नांवाची स्वतंत्र संस्था स्थापिली होती. रोगाचें नांव चव्हाट्यावर आलें आणि उपचार करणाराही नेमलेला होता.

प्रश्न होता तो, दार पुन्हां कोठें पाडावें हा. वाळूचा दांडा फोडणें हें काम दिसावयास सोपें. पण जागा चुकली तर समुद्र चार महिन्यांत तें बुजवून टाकील, किंवा उलट नको तितका आंत शिरेल. याचा निर्णय करण्याचें काम खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्राकडे आलें. १९१६ सालीं मुंबई इलाख्यांत स्थापन झालेली ही संस्था. सिंहगडावर जातां-येतां तिची पाटी आमच्या पुणेकर वाचकांनीं शेंकडों वेळां पाहिली असेल आणि आंत काय चालतें याची पृच्छा एकदांही केली नसेल. तेथील तज्ज्ञांनीं भरती-ओहोटी, नद्यांचें पाणी, सरकणारी वाळू आणि तळाची खोली यांचीं मापें घेऊन सरोवराची गणिती प्रतिकृति तयार केली, आणि मुख कोठें फोडिलें असतां काय होईल हें आधीं त्या गणितांत पाहिलें. समुद्रापासून शेंकडों मैल दूर, मुठेच्या कांठीं बसून पूर्व समुद्राच्या लाटांचा हिशेब मांडावयाचा, ही गोष्ट आमच्या वहिनींस पटेना. "तेथें बसून यांस कसें कळलें?" असें त्यांनीं विचारलें. पंचांगकर्त्यास ग्रहण जसें आधीं कळतें तसेंच, असें आम्हीं उत्तर दिलें, आणि तें त्यांस तत्काळ पटलें.

गणिताचा कौल सातपड्याजवळच्या सिपकुडा या जागेस मिळाला. २३ सप्टेंबर २००० रोजीं तेथें वाळूचा दांडा कापून समुद्रास वाट करून देण्यांत आली. सरोवरापासून समुद्रापर्यंतची वाट एकदम अठरा किलोमीटरांनीं कमी झाली. भरतीचें पाणी पुन्हां जोरानें आंत येऊं लागलें, खारेपणा वाढला, गोड्या पाण्यांतलें गवत ओसरूं लागलें. मासळीची गोष्ट तर आश्चर्य करण्यासारखी आहे. १९९९-२००० मध्यें पावणेदोन हजार टनांच्या आसपास असलेली मासळी २००१-०२ सालीं सुमारें बारा हजार टनांवर गेली. निसर्ग क्षमाशील आहे असें पुस्तकांत लिहितात. पण दोन वर्षांच्या आंत एवढी क्षमा कोणी करील असें आम्हांस वाटलें नव्हतें.

केवळ दार उघडून भागलें नाहीं. वरच्या खोऱ्यांतील गांवांत झाडें लावणें, बांध घालणें, मातीची धूप थांबविणें हीं कामें गांवकऱ्यांना हाताशीं धरून झालीं. महानदीवर नराज येथें नवा बंधारा होत असतां, शेतीस किती पाणी द्यावयाचें एवढ्यावरच न थांबतां, चिलिकेच्या वांट्यास किती व केव्हां पाणी सोडावें याचाही अभ्यास जागतिक बँकेच्या साहाय्यानें करण्यांत आला. सरोवरही एक हिस्सेदार आहे, ही कल्पना आमच्या पाटबंधाऱ्यांच्या दप्तरांत नवीनच म्हटली पाहिजे. डिसेंबर २००१ मध्यें रामसर कराराचें पाहणी-मंडळ येथें आलें. त्यानें पाणी, कागद आणि कोळ्यांचीं गांवें पाहिलीं. पुढें ११ नोव्हेंबर २००२ रोजीं चिलिकेचें नांव माँत्रोच्या वहींतून काढण्यांत आलें. त्या वहींतून सुटणारी आशिया खंडांतील ही पहिलीच जागा होय. त्याच महिन्यांत स्पेनमधील वॅलेन्सिया येथील परिषदेंत रामसर कराराचें पारितोषिक चिलिका विकास प्राधिकरणास मिळालें. चिलिकेबरोबर १९८१ सालीं यादींत गेलेलें केवलादेव आणि मणिपूरचें लोकटाक हीं दोन्हीं मात्र अद्याप त्या वहींतच आहेत.

मंडळीपैकीं कोणाच्या पानांत मासा पडत नसल्यानें या टनांच्या आंकड्यांनीं आम्हांस काय व्हावयाचें, असें आमच्या कनिष्ठ चिरंजीवांनीं होडींत थट्टेनें म्हटलें. तें नावाड्यास थोडेंसें कळलें असावें. तो मोडक्या हिंदींत म्हणाला, "बाबू, मासा आला हें खरें. पण मासा आला म्हणजे आमच्याच जाळ्यांत आला असें नाहीं." त्याच्या बोलण्यावरून विषय निघाला आणि तो या कथेंतील सर्वांत कडू भाग आहे. चिलिकेच्या कांठच्या सुमारें दोन लाख माणसांचें पोट मासेमारीवर चालतें. त्यांत परंपरेनें मासे धरणाऱ्या जाति आहेत. पाण्याचे कोणते भाग कोणी, कोणत्या ऋतूंत, कोणत्या जाळ्यानें वापरावे याचे त्यांचे पिढीजात नियम होते. कोळंबीस परदेशांत भाव आला आणि पैसेवाल्यांनीं पाण्यांत बांबू, जाळीं व मातीचे बांध घालून 'घेऱ्या' उभ्या केल्या. ज्या वाटेनें मासा जावयाचा व ज्या वाटेनें कोळ्याची होडी जावयाची, ती वाटच अडली. ११ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चिलिकेपासून हजार मीटरांच्या आंत कोळंबीच्या धंद्यास मनाई केली. तरी घेऱ्या हटेनात. २९ मे १९९९ रोजीं सोरणा गांवीं घेऱ्या तोडण्यावरून तंटा होऊन पोलिसांचा गोळीबार झाला व चार जीव गेले. पुढेंही उच्च न्यायालयाच्या आदेशावरून घेऱ्या काढण्याच्या मोहिमा झाल्या; काढलेल्या घेऱ्या पुन्हां उभ्या राहतात अशी कोळ्यांची तक्रार असते. खडकवासल्याच्या गणितानें पाण्याची वाट बरोबर सांगितली. पण तें पाणी कोणाचें, हा हिशेब त्या गणिताच्या बाहेरचा होता, आणि पारितोषिकें देणाऱ्या परिषदांनाही तो सोडवितां आलेला नाहीं.

आमचें सारें आयुष्य मुलांचे गुण मांडण्यांत गेलें, म्हणून एका गोष्टीचें आम्हांस विशेष कौतुक वाटलें. अमेरिकेंतील मेरिलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें २०१२ सालीं चिलिकेचें चक्क प्रगतिपुस्तक तयार झालें. आपल्या देशांतील सरोवराचें असें हें पहिलेंच. पाण्याची शुद्धता, मासळी आणि जीवजंतूंची विविधता हे विषय. सरोवराचे निरनिराळे भाग हे जणूं विद्यार्थी. एकंदर श्रेणी 'ब' मिळाली. पहिला वर्ग दिला नाहीं हें आम्हांस आवडलें. ज्या शाळेंत सर्वांस 'अ' मिळतो त्या शाळेचीं प्रगतिपुस्तकें कोणी वाचीत नाहीं.

दुसरे दिवशीं आम्ही सरोवराच्या उत्तरेकडील मंगलाजोडी येथें गेलों. पूर्वीं या गांवांतील पुष्कळ लोक पक्षी मारून विकीत. आतां त्याच माणसांपैकीं कित्येक पक्ष्यांची राखण करतात व पाहुण्यांस होडींतून पक्षी दाखवितात. कोणत्या वेळीं कोणता थवा कोठें उतरतो हें पारध्याइतकें कोणास ठाऊक असणार? हिवाळ्यांत चिलिकेवर सैबेरिया, मंगोलिया, बैकल सरोवर, कास्पियन समुद्र अशा दूरदूरच्या प्रदेशांतून पक्षी येतात; अलीकडील गणनांत त्यांची संख्या दहा लाखांवर गेली आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. कादंब हा शब्द अमरकोशांत कलहंसास आहे. मुलांकडून तो पाठ करवून घेतांना आम्हीं तो पक्षी कधीं पाहिला नव्हता. ज्या कास्पियनच्या कांठीं तो करार झाला, तिकडचे पक्षी कराराच्या हजारों वर्षें आधींपासून ही ये-जा करीत आले आहेत, हा विचार मनांत आला आणि आम्ही कितीतरी वेळ बोललों नाहीं.

नवें मुखही आतां नवें राहिलेलें नाहीं. वाळू सरकावयाची थांबत नाहीं. २००८ सालीं समुद्रानें आपण होऊन आणखी एक मुख फोडिलें. मे २०१९ च्या फनी वादळांत कांहीं नवीं दारें उघडलीं. सरोवरांतले कालवे गाळ उपसून मोकळे ठेवावे लागतात. भुवनेश्वर शहराचें सांडपाणी गंगुआ नाल्यांतून दया नदीस मिळतें आणि दया तें चिलिकेस आणून देते. धौलीच्या शिलेखालून वाहतांना तें पाणी किती स्वच्छ दिसत होतें! सातपड्यास परत येतांना आमच्या नावाड्यानें, न विचारतां, हात वर करून दूर पूर्वेकडील फेंसाची पांढरी रेघ दाखविली. आपल्या लहानपणीं मुख कोठें होतें, तें कापलें कोठें, आणि आतां किती सरकलें, हें त्यानें बोटानें आंखून दाखविलें. पुढच्या पावसाळ्यानंतर कोठें असेल, असें आम्हीं विचारलें. त्यानें वाऱ्याकडे तोंड करून जरा विचार केला, आणि आणखी चार बोटें डावीकडे दाखविलीं.